रिसालदारांच्या मोटारीचं वय

रिसालदारकाका मोटारीजवळ कधी मागून जात नसत. जायचंच झालं तर आधी लांबून घसा खाकरायचे, "हं, आलो गं," म्हणायचे, मग डाव्या अंगानं पुढे होऊन बॉनेटवर हात ठेवायचे. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी तोंडाला पदर लावून हसले होते. मी काही उगाच कुणाचं कौतुक करत सुटणारी बाई नव्हे. कन्याशाळेत जन्मभर मुलींचे पाढे तपासले, चूक दिसली की हात शिवशिवतोच. पण या माणसात चूक काढायला बसले की दर वेळी अर्ध्यात मीच विरघळायची. आता त्याला काय करणार?

थोरल्या महाराजांच्या कारकिर्दीची ती उतरती वर्षं. बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या समोरच्या घरात तुकोजीराव इंगळे राहायचे. सरकारच्या घोडदळात रिसालदार म्हणून पेन्शनीत निघालेले. अख्खी गल्ली त्यांना रिसालदारकाका म्हणायची आणि त्यांच्या बायकोला नुसतं काकू. पेन्शनीत निघाल्यावर माणसं तुळशीला पाणी घालतात, हिंचक्यावर बसून दुनियेला नावं ठेवतात. यांनी कुठल्याशा सरदाराकडून एक वापरलेली मोटार आणली. वर कापडी टप, बाजूला रबरी भोंगा आणि रंग म्हणाल तर कुणी हिरवा म्हणायचं, कुणी काळा. सरदाराच्या आधीही तिचा कुणीतरी धनी होऊन गेला होता.

"घोडा नाही परवडत, म्हणून ही," ते सांगायचे. काकू आतून ओरडायच्या, "घोडा निदान लीद तरी देतो! हिचं काय सारवायचं?"

सकाळी काका तिची मालिश केल्यासारखी तिला पुसायचे. चारी चाकं हातानं चाचपायची, खिळा रुतलाय का बघायचं, पाणी भरताना आधी स्वतः त्यात बोट घालून बघायचं. बाहेर पडताना कडक इस्त्रीचा कोट, फेटा असा बांधलेला की माशी बसली तर घसरावी. रोज संध्याकाळी शहराबाहेर हरणी गावाच्या मोकळ्या रस्त्यावर एक फेरी. परत आले की फेटा काढता काढता दारातूनच ललकारी: "आजची मजल! हरणी, जाऊन येऊन!" आतून काकू म्हणणार, "ऐकली!" मग चहा. त्यांच्या रिसाल्यात ही पद्धत होती म्हणे. खोगीर उतरवलं की प्रत्येक स्वारानं त्या दिवशी घोडा कुठून कुठे चालला ते मोठ्यानं सांगायचं, आणि ऐकणाऱ्यानं ऐकली म्हणायचं. सांगितल्याशिवाय घोड्याला चंदी नाही आणि स्वाराला भाकरी नाही. घोडा सुटला, रिसाला सुटला, पण काकांची सवय काही सुटली नाही, आणि काकूंना ऐकून ऐकून ती अंगवळणी पडली होती.

या सगळ्या थाटात एकच खोट होती. मोटारीचा काटा साफ खोटं बोलायचा.

वेग दाखवणारा तो काटा कधी थरथरायचा, कधी झोपून राहायचा, तर कधी अंगात आल्यासारखा टोकाला जाऊन चिकटायचा. त्याच्याखालच्या छोट्या खिडकीतले मैलांचे आकडे एकतीस हजारांवर येऊन जे अडकले ते अडकलेच. एकदा मांडवीपाशी काकांनी गाडी उभी केली होती आणि मी मागच्या बाजूला शाळेच्या वह्या घेऊन बसले होते. एक नवा पोलीस शिपाई आला, आत डोकावला, काटा साठवर पाहून दचकला. म्हणाला, "साहेब, ही उभी गाडी साठनं पळतेय!"

काका शांतपणे म्हणाले, "मग पकड."

शिपाई बिचारा हसावं की सलाम करावा या पेचात पडला. शेवटी त्यानं दोन्ही केलं.

असं हे चाललं होतं, तोवर काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आधी कबूल करायला तयार नव्हते. धुकं आहे म्हणायचे. वैशाखात कसलं धुकं? एके दिवशी लहेरीपुरा दरवाज्यातून येताना एका भाजीवालीची टोपली चाकाखाली गेली. बाईला काही झालं नाही, दोन दुधी तेवढे चेचले. पण काका घरी आले, किल्ली काढून काकूंच्या हातात दिली, आणि त्या दिवशी मजल सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "गाडी द्यायची."

मुलगा बापू हुजूर कचेरीत कारकून होता. नाकासमोर चालणारा, वाईट मुळीच नाही, फक्त सगळ्याचा निकाल झटपट लागावा असा स्वभाव. तो म्हणाला, "ड्रायव्हर ठेवू या ना, आबा." काका म्हणाले, "ज्याच्यावर आपण बसू शकत नाही ते जनावर दारात बांधू नये. उभं राहून कुजतं ते."

दोन गिऱ्हाइकं आली. एक करजण गावचा, भाड्याच्या मोटारी चालवणारा. त्याच्या गाड्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या; टपावर गाठोडी, पायरीवर माणसं, आत कोंबड्या, आणि बंद पडली की तिथंच रस्त्याकडेला टाकून दुसरी आणायची. त्यानं गाडीकडे धड बघितलंही नाही, लगेच घेतो म्हणाला. दुसरे होते पादरा गावचे डॉक्टर मणिभाई, तरुण माणूस, आसपासच्या गावांना जाण्यासाठी त्यांना मोटार हवी होती. त्यांनी चारी बाजूंनी फिरून बघितली, हळूच दार लावलं, धाडकन आपटलं नाही. काकांचा जीव त्या दार लावण्यावरच जडला. डॉक्टर म्हणाले, "काका, गमी गई, आवडली आपल्याला. फकत आ मीटर सरखुं करावी आपो, नीट करून द्या. मी पुढच्या आठवड्यात येतो."

बापूनं तेव्हाच सांगून टाकलं, "डॉक्टरांनी घेतली तर छानच. नाही घेतली तर मात्र करजणवाल्याला हो म्हणायचं, आबा. आणखी किती दिवस दारात ठेवणार?" काकांनी मान डोलावली. शब्द दिला म्हणजे दिला.

आणि मग ते मीटरच्या मागे लागले. तसं करायचं कारण विचारलं तर सांगायचे की पागेतून घोडा दुसऱ्या हाती जाताना नवे नाल ठोकूनच जायचा, लगाम तुटका असेल तर शिवून जायचा. टप शिवून घेतला, भोंग्याचं रबर बदललं. मुंबईहून नवं मीटर मागवलं, नवी तार मागवली, आणि गाडी सोपवली मांडवीतल्या फिदाअली घड्याळजीकडे. शहरात मोटारीचे कारागीर होते, पण काका म्हणायचे, "चाकं फिरवणारे पुष्कळ. काटा फिरवणारा एकच." फिदाअलीनं जुनं मीटर काढलं, नवं बसवलं. गाडी चालवत तोच घेऊन आला. काटा कसा, तर गाडी हलली की उठणार, थांबली की निमूट खाली. आम्ही सगळे दारापुढच्या ओटल्यावरून बघायला धावलो.

बापू आत डोकावला आणि टाळी वाजवून म्हणाला, "आबा! बघा तरी! सगळी शून्यं! कोरी गाडी झाली की हो!"

खरंच, खिडकीत ओळीनं शून्यं होती. नवं मीटर म्हणजे नवा हिशेब. आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. काकांना ती शून्यं नीट दिसत नव्हती. त्यांनी काचेवर बोट फिरवलं आणि मला विचारलं, "बाई, तुम्ही वाचा. काय लिहिलंय?"

मी म्हटलं, "शून्य."

काकांचा चेहरा उतरला. पुढच्याच क्षणाला गरजले, "फिदाअली! दात घासलेस तू हिचे!"

फिदाअली घाबरला. बापू हसला. काकू मात्र हसल्या नाहीत. त्या आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. त्यांना ठाऊक होतं. मला काकांनी त्या संध्याकाळी ओटल्यावर बसून सांगितलं.

घोड्याचं वय दातांवरून कळतं, हे तुम्हाला माहीत असेल. जसा म्हातारा होत जातो तसा दातांचा आकार बदलतो, वरचे काळे खळगे झिजून जातात. लबाड व्यापारी काय करतात, दातांना कानस मारतात, वर डाग देऊन खोटे खळगे उठवतात. अठरा वर्षांचा घोडा नऊचा म्हणून विकला जातो. काकांचा पहिला घोडा पाखऱ्या असाच. रिसाल्यातून बाद झाला, लिलावात कुणी परका व्यापारी घेऊन गेला. पुढे वर्षभरानं काका स्टेशनवर कुणाला तरी आणायला गेले होते, तर सयाजीगंजात एक टांगेवाला लगामाला हिसके देत, घोड्याला चाबकानं बडवत होता. घोड्यानं काकांकडे बघून कान टवकारले. तो पाखऱ्या होता.

"मी त्या टांगेवाल्याचा गळा धरला," काका म्हणाले. "तो रडायलाच लागला हो. म्हणाला, साहेब, नऊ वर्षांचा जवान घोडा आहे, नुसता कामचुकार आहे, म्हणून मारतो. मी जबडा उघडून पाहिला. कानशीचे ओरखडे. त्या गरिबाला खरंच वाटत होतं जनावर जवान आहे. जवान घोड्याला जेवढं ओढायला लावतात तेवढं तो ओढायला लावत होता. त्याच उन्हाळ्यात पाखऱ्या गेला. मारला कुणी? टांगेवाल्यानं नाही, बाई. त्या कानशीनं मारला."

माझे डोळे भरून आले आणि मला रडणाऱ्या बायकांचा राग येतो, म्हणून मी उठून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी काका पुन्हा फिदाअलीकडे. मी बरोबर होते, त्यांना रस्ता दिसत नव्हता म्हणून. काका म्हणाले, "ते मीटर पुन्हा उघड आणि आकडे पुढे घे." फिदाअलीनं चष्मा कपाळावर चढवला. "साहेब, बधा लोक आंकडो पाछळ फेरववा आवे. तमे पहेला, जे आगळ फेरववा आव्या!" दुकानातले सगळे हसले. आकडे मागे फिरवून गाडी तरुण दाखवायला जो तो येतो, आणि हा माणूस आपलीच गाडी म्हातारी करून मागतोय. पण हसता हसता फिदाअलीनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. विचारलं, "केटला करुं? किती करू?"

इथं आली पंचाईत. जुनं मीटर एकतीस हजारांवर अडकलं त्याला बरीच वर्षं झाली होती. त्यानंतर गाडी किती चालली, ते कुणाला माहीत?

घरी आल्यावर काका म्हणाले, "हिला माहीत." आणि काकूंकडे बोट दाखवलं.

अहो, ती दुपार मी विसरणं शक्य नाही. काकू शेंगा सोलत बसल्या होत्या. रोजची मजल त्यांनीच तर ऐकली होती! सुरुवात केली, "मीटर अडकलं ते साल म्हणजे बापूचं लग्न. त्या साली डभोईला तीन खेपा, सोयरिकीच्या. पुढच्या साली चांदोदला एकदा माझ्या नवसाला आणि एकदा तुमच्या मेहुण्याच्या अस्थी घेऊन. पादऱ्याला तर दर मोसमात वांगी आणायला."

"वांग्यांसाठी नव्हतो जात मी," काका म्हणाले.

"मग कशाला जायचात? दर वेळी वांगी घेऊन तर यायचात!"

बापू सुरुवातीला चिडून येरझाऱ्या घालत होता. मग त्यानंच पाटीवर मैल मांडायला घेतले, कारण आईची बेरीज चुकायला लागली आणि कारकुनाला चुकलेली बेरीज सहन होत नाही. हरणीच्या रोजच्या फेऱ्या धरल्या, दसऱ्याच्या फेऱ्या धरल्या, माझ्या बहिणीला बाळंतपणासाठी इस्पितळात नेलं ती फेरीसुद्धा काकूंनी विसरू दिली नाही. शेवटी जुन्या एकतीस हजारांसकट बेरीज आली एकेचाळीस हजारांच्या आसपास.

"बेचाळीस लिहा," काका म्हणाले. "वय सांगताना कमी पडू नये."

तेव्हा बापूनं पाटी खाली ठेवली. हळूच, पण स्पष्ट बोलला. "आबा, तुम्हाला गाडी डॉक्टरांच्याच घरी जायला हवी आहे. त्यांनी गेल्या वेळी एकतीस पाहिलेत. आता बेचाळीस पाहिले तर ते उठून जातील. आणि मग ती करजणला जाणार. तुम्हीच शब्द दिलाय. तुमच्या खरेपणानंच ती टपावर गाठोडी घेऊन मरणार. शून्यं राहू द्या ना. डॉक्टर चांगला माणूस आहे, जपेल."

काकूंचा हात शेंगेवर थांबला. बापूचं चुकत होतं असं मला अजूनही म्हणता येत नाही.

काकांनी खाली ठेवलेल्या पाटीवर बोट फिरवलं. मग म्हणाले, "बापू, डॉक्टर चांगला आहे हे खरं. रात्री कुणी बाई अडली म्हणून निरोप आला तर तो गाडी दामटणारच. ही आहे त्याहून तरुण आहे असं समजून दामटणार. चांगला माणूस आहे म्हणूनच जास्त दामटणार. मग मला सांग, पादरा काय आणि करजण काय?" थोडं थांबून म्हणाले, "टांगेवालाही वाईट नव्हता रे."

बापूनं पाटी उचलली आणि बेचाळीस लिहिले. फिदाअलीनं घरी येऊन मीटरवर तेच आकडे आणले.

डॉक्टर आले ते सकाळी. काकांनी दाढी करून, कोट चढवून ओटल्यावर ठाण मांडलं होतं. डॉक्टरांनी आत बसून काटा पाहिला, आकडे पाहिले, कपाळाला आठ्या घातल्या. "काका, आ शुं? मागल्या वेळी एकतीस होते. नवं मीटर तर शून्यापासून हवं. हे बेचाळीस कुठून आले?"

काकांनी सगळं सांगितलं. मीटर अडकलेलं, काकूंचा हिशेब, फिदाअली. पाखऱ्याचं काही बोलले नाहीत. दया मागितल्यासारखं झालं असतं. सांगून झाल्यावर म्हणाले, "म्हातारी आहे. चढावर धापा टाकते. लांबची धाव रोज रोज देऊ नका. हे जमत असेल तरच घ्या."

डॉक्टरांनी हनुवटी खाजवली. "मला विचार करायला पाहिजे, काका," म्हणाले, आणि मांडवीत औषधं घ्यायची आहेत सांगून निघून गेले.

ती दुपार मेली सरता सरेना! काकूंनी जेवायला वाढलं, कुणी धड जेवलं नाही. बापू रजा काढून घरीच होता, पण वडिलांना एक शब्द बोलला नाही, आणि त्याबद्दल मी त्याला शंभर गुण देईन. काका ओटल्यावर तसेच, उन्हात, फेट्यासकट. मी दोनदा म्हटलं आत चला. "पहाऱ्यावर आहे," म्हणाले.

दिवस कलताना डॉक्टर आले. पायरीवर बसले, काकांच्या खालच्या पायरीवर. म्हणाले, "काका, माझ्याकडे एक घोडी आहे. आडगावांना, चिखलात, रात्रीबेरात्री तीच नेतो. ती विकून मोटार घ्यायची असं माझ्या मनात होतं. आता विचार केला, घोडी ठेवतो. मोटार फक्त पक्क्या रस्त्याला, पेशंटला बडोद्याला आणण्यापुरती. मोटारी अजून दोन बघितल्या मी. त्यांचं खरं वय मला कुणी सांगितलं नाही. हिचं तरी मला माहीत आहे. चालेल?"

काकांनी फेटा नीट केला. मग जो प्रश्न विचारला तो ऐकून काकूंनी कपाळावर हात मारला.

"घोडीचं वय काय?"

"घेतली तेव्हा सात सांगितलं होतं."

"कुणी, व्यापाऱ्यानं?" काका सावरून बसले. "आणा एकदा इकडे. डोळे गेले म्हणून काय झालं, अंगठ्यानं सांगेन मी तुम्हाला!"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा बापू मोठ्यानं हसला, आणि मग वडिलांच्या पाया पडला. का, ते कुणी विचारलं नाही.

गाडी जायची वेळ आली. काकूंनी बॉनेटला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. डॉक्टर चालवायला बसले. काका पुढच्या मडगार्डवर हात ठेवून उभे होते, तो हात निघेना. डॉक्टरांनी ते पाहिलं आणि गाडी अगदी हळू सोडली. काका बरोबर चालायला लागले. काकू मला म्हणाल्या, "जा हो बाई, पडतील," म्हणून मी दुसऱ्या बाजूनं निघाले. अशी आमची वरात गल्लीतून चालली. ओटल्याओटल्यावर माणसं उठून उभी राहिली. कुणी काही बोललं नाही. आमच्या गल्लीत हे फार दुर्मीळ.

गल्लीच्या तोंडाशी आलो आणि डॉक्टर एकदम घाबरून ओरडले, "काका! काटा हलतच नाही! शून्यावरच आहे! पुन्हा बिघडलं की काय?"

"बिघडलं नाही," काका म्हणाले. "माणसाच्या पावलानं चाललीय ती. एवढ्याशा चालीला तो उठत नाही. खरं बोलतोय." आणि त्यांनी मडगार्डवर दोनदा थाप मारली, जरा जोरातच. "हं. आता उठवा काटा."

गाडी गेली. तिचा आवाज वाढला, मोठ्या रस्त्याला लागला, मग इतर आवाजांत मिसळला. काका कान देऊन उभे होते. मला काहीच ऐकू येईनासं झालं तरी ते उभेच होते.

मग म्हणाले, "चला बाई, घरी," आणि भलत्याच दिशेला, स्टेशनच्या रस्त्याकडे, छाती काढून ताठ चालू लागले. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. त्यांनी तो धरू दिला.